पट्टीला शिकवलेलं रडणं

धाकटी रडत होती आणि तिचा डावा गाल हसत होता.

तालीम होती, त्यामुळे दिवे नव्हते, पडदा नव्हता. दोन खुर्च्या एकमेकींवर रचून दार केलं होतं आणि एका स्टुलाला पलंग म्हणायचं ठरलं होतं. पाहुण्यांना हसून निरोप द्यायचा, दार लावायचं आणि दाराला पाठ टेकून मोडून पडायचं, असा त्या नाटकाचा शेवट. हसण्याचा भाग दृष्ट लागावी असा झाला. दोन्ही गाल जोडीने उमलले, ओठांची दोन्ही टोकं बरोबरीने वर गेली. पहिल्या रांगेत बसलेल्या थोरल्या बहिणीने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. मग धाकटीने दार लावलं. डोळे भरून आले, उजवा गाल आक्रसला, आणि डावा गाल, कानात कुणी चावट गोष्ट सांगावी तसा, खुदकन वर गेला.

विंगेत कुणीतरी फिसकन हसलं. हसण्याचं जांभईसारखं असतं, एकाला आलं की ते रांगेने सगळ्यांकडे जातं. दिग्दर्शकाने प्रवेश थांबवला नाही. शेवटच्या हुंदक्यापर्यंत होऊ दिला आणि मग चष्मा पुसत म्हणाला, "छान. असं करू, डाव्या गालाला वेगळी भूमिका देऊ. सवतीची."

आता तर हसायला परवानगीच मिळाली. धाकटी उभी होती तिथेच उभी राहिली. तिचा उजवा गाल लाजेने ओढला गेला आणि डावा पुन्हा हसला.

"तू पूर्वी काय होतीस ते मला ठाऊक आहे," दिग्दर्शक जरा आवाज उतरवून म्हणाला. "म्हणून तर बोलावलं. पण लोक पदरचे पैसे मोडून येतात, अर्धं रडणं बघायला नाही. पुढच्या तालमीला दोन्ही बाजूंनी रडलीस तर भूमिका तुझी. नाहीतर ही आहेच." ही म्हणजे बदली नटी. ती कोपऱ्यात सफरचंद खात बसली होती आणि धाकटीचे संवाद तिला धाकटीइतकेच पाठ होते.

कानामागची नस धरून बसलेली एक गाठ धाकटीच्या डोक्यातून काढली, त्या वेळी चेहऱ्याची नसही गाठीबरोबर गेली. शस्त्रक्रिया करणारे म्हणाले, जीव वाचला. धाकटी म्हणाली, जीव घेऊन मी काय करू, मला चेहरा हवा होता. डावी बाजू दोरीवर विसरलेल्या ओल्या कपड्यासारखी लोंबली. आरसे झाकले, माणसं गळाली. नवरा तर आधीच गळाला होता.

थोरलीचं काम नेमकं चेहऱ्याच्या कामाचं होतं. इस्पितळाच्या मागच्या अंगाला एक कार्यशाळा होती, तिथे ती विजेवर हलणाऱ्या पॉलिमरच्या पट्ट्या करायची. दिसायला कांद्याचा पापुद्रा. पण बोटभर बॅटरीचा प्रवाह सोडला की पापुद्रा वळायचा, आखडायचा, सोडला की सैल पडायचा, अगदी स्नायूसारखा. आणि उलटंही खरं होतं: त्याला कुणी ताणलं तर तो त्या ताणाची खबर विजेच्या रूपाने परत द्यायचा. नुसत्या पॉलिमरचं एकच दुखणं होतं, तो हळवा होता. चार दिवस वळला की थकायचा, आठव्या दिवशी फाटायचा. म्हणून त्यात कार्बनच्या नळ्या मिसळायच्या, केसाचे हजार उभे तुकडे केले तरी त्याहून बारीक. डोळ्यांना ती नुसती काळी पूड दिसायची. कार्यशाळेत तिला काजळ म्हणत आणि थोरलीला काजळवाली. काजळाने पट्टीला कणा यायचा. घोटताना गुठळी राहू द्यायची नाही एवढंच, कारण पट्टी फाटते ती गुठळीपाशीच. काजळवालीच्या पट्ट्यांवर कुणाची लुळी बोटं पेला धरत होती, कुणाचं सैल पडलेलं मूत्राशय वेळेवर मिटत होतं, आणि आंधळ्यांच्या एका पाटीवर ठिपके आपोआप उठून बोटाखाली वाक्यं होत होती. तिची बोटांची टोकं कायमची काळी झाली होती.

बहिणीसाठी तिने आयुष्यातली सगळ्यात पातळ पट्टी ओढली. उजव्या, धडक्या गालावर एक पापुद्रा. तो गाल कसा ताणला जातो ते टिपायचा. कानामागे बटणाएवढी डबी. ती टिपलेलं ओळखायची. डाव्या गालावर दुसरा पापुद्रा. डबी सांगेल तसा तो गाल ओढायचा. वरून रंग लावला की काही दिसायचं नाही. पहिल्यांदा दोन्ही गाल एकदम हसले, त्या दिवशी दोघी बहिणी लहानपणानंतर पहिल्यांदा गळ्यात पडल्या. आठवडाभर हसण्याच्याच नोंदी घेतल्या: मंद हसणं, तोंड दाबून हसणं, खो खो हसणं. घरात इतक्या दिवसांनी हसू आलेलं, त्यात रडण्याची आठवण कुणाला व्हावी.

आणि तीच चूक आता रंगमंचावर उभी राहिली होती.

"तुझ्या पट्टीने माझी अब्रू काढली," रस्त्यात धाकटी म्हणाली. तिने ओढणी डाव्या कानापर्यंत घेतली होती.

"काढून टाकते पट्टी. राहा तशीच."

"बघ, किती लगेच म्हणालीस. जिभेवरच होतं."

थोरली पुढे चालू लागली. गप्प बसणं हा तिचा जुना धंदा. दोघी लहान असताना आई वेण्या घालता घालता एक ओळ गुणगुणायची:

*एका वेलीला दोन कळ्या, एक उमले, एक झुरे,*
*उमलतीला वारा पुरे, झुरतीला माती पुरे.*

धाकटीने कधी विचारलं नाही की उमलणारी कोण. थोरलीनेही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात.

कार्यशाळेत डबीचं काम बघणारा होता, त्याला सगळे डबीवाला म्हणत. जिभेला हाड नसलेला, पण हाताचा पक्का. त्याने पडद्यावर तालमीतल्या नोंदी लावल्या आणि कपाळाला हात लावला.

"डबीचा काय दोष? तिने जन्मात एकच गोष्ट बघितली आहे, हसणं. ओठ मागे ओढला गेला की बिचारी म्हणते, आलं हसू. रडतानाही ओठ मागेच जातो ना. तुम्ही दोघींनी तिला सुखाचेच लाड करून ठेवलेत."

"मग बटण ठेवू," थोरली म्हणाली. "रडायच्या वेळी दाबायचं."

"ठेवून बघितलं बाई, मागे एका रुग्णावर. उजवा गाल आधी आणि डावा मागून. कठपुतळीचा दोरा अडकल्यासारखं दिसतं. नाही, तिला रडणं शिकवावंच लागेल. बसा तुम्ही, आणि रडा."

धाकटी खुर्चीत बसली. तिने मान किंचित खाली घातली, एक श्वास घेतला आणि दोन टपोरे थेंब गालावर आणले. इतक्या सफाईने की डबीवाल्याच्या तोंडून "वा" निघून गेलं. पडद्यावर डबीने लिहिलं: हसणं. ती पुन्हा रडली. हुंदके देऊन रडली, ओठ चावून रडली, मूकपणे रडली. डबी म्हणाली: हसणं, हसणं, हसणं.

डबीवाल्याने डोकं खाजवलं. "राग मानू नका, पण तुम्ही रडत नाही, रडून दाखवता. दर वेळी वेगळं, दर वेळी सुंदर. डबीला धरायला काही सापडत नाही. खरं रडू आलं की माणसाची हनुवटी आधी थरथरते, त्याला कळायच्या आत. ती थरथर हवी. ती तुमच्यात एकदाही आली नाही." मग तो उठला. "मी चहा घेऊन येतो. मी समोर असलो की तुम्ही मलाच प्रेक्षक करता. बाई, थरथर दिसली की डबी आपणच शिकेल, हिरवा दिवा लागला की समजा नोंद झाली."

दार लागलं. ओल्या पट्ट्यांच्या काचेच्या पेट्या, घोटायचं यंत्र, कोपऱ्यातला नळ, आणि दोघी.

"रडव मला," धाकटी म्हणाली.

"कशी?"

"तुला काय अवघड? जन्मापासून तेच तर करतेस."

थोरलीने स्टूल ओढलं आणि समोर बसली. "बाबांची आठवण काढ. शेवटच्या दिवशी पायातली चप्पल काढून देत होते तुला, म्हणत होते—"

"ते वापरलं. माझ्या पहिल्याच नाटकात. शंभर प्रयोग पुरलं, मग कोरडं पडलं."

"नवरा सोडून गेला तो दिवस."

"तो गेला तेव्हाच रडू आलं नाही. आता कुठून आणू?"

"शस्त्रक्रियेनंतर बँडेज सोडताना आरशात बघितलंस ते."

"परवा वापरलं. विटलं." धाकटी कंटाळून खुर्चीला टेकली. "ताई, तुला कळतंय का, मी सगळं खर्च करून बसले आहे. हा धंदाच असा. दुःख आलं की आधी वाटतं, हे कुठल्या प्रवेशात बसेल."

"आई?" थोरली हळूच म्हणाली.

धाकटीने मान उचलली. तिची नजर बदलली, पण हनुवटी स्थिर होती. "आईचं मरण माझ्याकडे आहे कुठे? ते तू घेतलंस. मी दौऱ्यावर होते, तू मला कळवलं नाहीस. सगळं आटोपल्यावर निरोप. न बघितलेलं मरण मी कसं वापरू?"

"छोटे—"

"मुद्दाम केलंस तू. शेवटची माया एकटीने खायची होती तुला. जन्मभर माझ्या ताटातलं बघितलंस ना, शेवटचा घास तरी आपला, म्हणालीस." ती हसली, आणि डाव्या गालाने इमानाने साथ दिली. "तुला सांगू? माझा अर्धाच चेहरा मेला. तुझा सगळाच, आणि उपजत. आई म्हणायचीच, थोरलीकडे बघून काही कळत नाही, पोटात काय शिजतंय ते."

ते आई खरंच म्हणायची. दोघींनी ऐकलेलं होतं.

थोरलीच्या पोटात त्या क्षणी जे शिजलं ते शिजायला वेळ लागला नाही. जणू आधणाचं पाणी वर्षांनुवर्षं चुलीवरच होतं. आईच्या शेवटच्या दिवसांत तिने गूमूत काढलं होतं, पाठीच्या जखमा धुतल्या होत्या. एका दुपारी तिने फोन उचलला तेव्हा आईने मनगट धरलं होतं. "छोटीला बोलावू नकोस," आई म्हणाली होती. "तिचा प्रयोग मोडू नकोस. टाळ्या संपू देत, मग सांग." हे थोरलीने धाकटीला कधी सांगितलं नाही. उशिरा कळवल्याचा बोल खाल्ला, पण ते वाक्य दिलं नाही. दिलं असतं तर तेही धाकटीचंच झालं असतं, आणि घरातली शेवटची वस्तूही उमलतीच्याच वाट्याला गेली असती.

"मी कळवलं नाही," थोरली म्हणाली, "कारण आई म्हणाली, छोटीला बोलावू नकोस."

धाकटी हलली नाही.

"म्हणाली, ती येईल. पायाशी बसेल आणि रडेल. सुंदर रडेल. आणि मला कळणार नाही की खरं रडते आहे की रडून दाखवते आहे. मरताना मला तेवढी शंका नको."

थोरलीचा आवाज सपाट होता, रोज पट्टीची जाडी सांगावी तसा. पहिलं वाक्य खरं होतं. बाकीचं तिने त्याच दमात घोटून मिसळलं, आणि कुठेही गुठळी राहिली नाही.

धाकटीची हनुवटी थरथरली.

अगदी थोडी. पाण्यावर माशी बसावी इतकी. मग उजवा गाल खाली ओघळला, आणि डावा गाल क्षणभर गोंधळला, वर जावं की खाली. डबीत काहीतरी टिकटिकलं. मग डावाही ओघळला. ओठांची दोन्ही टोकं एकदम खाली आली. धाकटीच्या घशातून एक आवाज निघाला, जो कुठल्याच नाट्यगृहात कधी ऐकू आला नव्हता. बेढब, घोगरा, नाकातून पाणी आणणारा.

हिरवा दिवा लागला.

आणि थोरलीने आधी गालाकडे बघितलं. बहिणीकडे नंतर. दोन्ही बाजू कशा बरोबरीने चालल्या आहेत, पट्टी त्वचेपासून कुठे सुटत तर नाही, ओढ पुरेशी आहे ना, हे सगळं तिने मन लावून बघितलं, आणि तिला बरं वाटलं. कामाचं बरं वाटणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे तिने बघायचं टाळलं.

डबीवाला चहा घेऊन आला. त्याने आधी दिवा बघितला, मग धाकटीला. कप ठेवले आणि आल्या पावली परत गेला.

हुंदके ओसरल्यावर थोरलीने ओला बोळा पुढे केला. "छोटे, ऐक. ते खोटं होतं. नोंद हवी होती म्हणून बोलले. आई म्हणाली होती की—"

धाकटीने तिच्या तोंडावर हात ठेवला. तळवा अजून ओला होता.

"नको सांगूस."

"अगं, खरं सांगते आहे."

"तुला खोटं बोलता येत नाही, ताई. तेवढी अक्कल असती तर तू नटी झाली असतीस." तिने नाक पुसलं. "आणि समजा, आलं बोलता. मग उद्या मी कशावर रडू? डबीला आता हेच रडणं ठाऊक आहे. दुसरं कुठलंही रडले की ही पट्टी हसते. हे वाक्य खोटं निघालं तर भूमिका गेली. कळतंय का? तेव्हा तोंड मीट."

पुढच्या तालमीला धाकटी दाराला टेकली आणि तिने थोरलीकडे बघितलं. हनुवटी थरथरली, दोन्ही गाल ओघळले. विंगेत कुणी हसलं नाही. बदली नटीने सफरचंद खाली ठेवलं. दिग्दर्शकाने चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाला, "गाठ निघाली ते बरंच झालं म्हणायचं. आधी तू असं कधी रडली नव्हतीस." धाकटीने हे स्तुती म्हणून घेतलं.

पहिल्या प्रयोगाला सभागृह भरलं होतं. प्रयोगानंतर रंगपटात थोरलीने कोमट पाण्याने रंग उतरवला, पट्टीची कड सोडवली आणि ती अलगद पाण्याच्या छोट्या पेटीत ठेवली. कोरडी पडली तर पट्टी मरते. बाहेर माणसं धाकटीला भेटायला ताटकळत होती. थोरलीला वाटलं, आता तिच्याकडे सगळं आहे, आता देऊन टाकावं.

"छोटे, आई काय म्हणाली होती सांगू? म्हणाली होती, तिचा प्रयोग मोडू नकोस. टाळ्या संपू देत, मग सांग."

धाकटीने आरशातून तिच्याकडे बघितलं. पट्टीशिवायचा डावा गाल लोंबत होता, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते फक्त उजवीकडूनच वाचायचं होतं.

"किती गोड," ती म्हणाली. "आज सुचलं? टाळ्यांचं छान घातलंस मध्ये. पण ताई, आई असं पुस्तकात बोलल्यासारखं बोलायची नाही गं. ते दुसरं होतं ना, ते आईसारखं होतं." तिने केस मोकळे केले. "आणि उद्या पहिल्या रांगेत बस. आज तिसरीत होतीस, मला शोधावं लागलं. तू दिसलीस की लगेच येतं."

"मी रोज कशी येऊ? कामं आहेत मला."

"मग भूमिका सोडते. सोडू?"

थोरलीने पेटीचं झाकण लावलं.

तेव्हापासून पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तिची. पाहुणे जातात, दार लागतं, धाकटी पाठ टेकते आणि तिचे डोळे रांगेवरून फिरत येऊन थोरलीवर थांबतात. मग हनुवटी. मग दोन्ही गाल. थोरलीने एकदा मान खाली घालून बघितली, तर वरून काही आलंच नाही. हुंदक्याच्या जागी नुसती शांतता लांबत गेली, आणि तिला घाईने मान वर करावी लागली.

एका प्रयोगाला शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांना रडू आवरेना. त्यांनी पिशवीतून दोन रुमाल काढले, एक स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि दुसरा न बघताच शेजारी पुढे केला. कुणी घेत नाही म्हणून त्यांनी वळून बघितलं. रंगमंचावरच्या उजेडात थोरलीचा चेहरा कोरडा होता, नेहमीसारखा, काही न सांगणारा, आणि मांडीवर काळ्या टोकांची दहा बोटं नीट जुळवून ठेवलेली होती.

बाईंनी रुमाल मागे घेतला आणि जरा पलीकडे सरकून बसल्या.